मैत्रीचे भाट

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. एका रविवारी सायंकाळी माझे एक जुने सहकारी एका अपरिचित गृहस्थांना घेऊन घरी आले. सहकारी माझ्याहून चार वर्षे आधी निवृत्त झालेले. साऊथ ब्लॉकपासून शास्त्री भवनापर्यंत सारी दिल्ली पायांखाली घातलेले. बरोबरचे गृहस्थ एका मैत्रीसंघाचे कार्यवाह होते. पूर्वेकडील एका दूरच्या राष्ट्राच्या दिवंगत नेत्याची जयंती जवळ आली होती. रफी मार्गाजवळच्या एका सभागृहात छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते, त्यापूर्वी छोटी सभा होती आणि तिचे अध्यक्षपद मी स्वीकारावे, असा आग्रह होता. त्या राष्ट्राविषयी मला फारशी माहिती नाही, असे मी म्हणताच कार्यवाह प्रसन्नपणे हसले. "साहेब, बोलायचे काही नाही. ठराव तयार आहे. आपण फक्त बसायचे. एक फोटो होईल, चहा होईल, तासाभरात मोकळे."

मी नाही म्हटले. जाताना दारात सहकारी थोडे रागावूनच म्हणाले, "तुम्ही उगाच बाऊ करता. कोणाशी मैत्री करण्यात वाईट ते काय?"

प्रश्न साधा आहे, आणि साध्या प्रश्नाला उडवून लावणे हा त्याचा अपमान आहे. म्हणून हा लेख. राजधानीत आयुष्य घालविलेल्या मराठी अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांच्या दारी असे कार्यवाह आज ना उद्या येतील. त्यांना चहा अवश्य द्यावा; नाव मात्र देऊ नये. ते का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ही संस्था कोणत्या जातीची आहे ते पाहू. दोन देशांतील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, नाटके पाहावीत, विद्यार्थी पाठवावेत, यासाठी निघालेले संघ जगभर आहेत, आणि त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु जे राष्ट्र स्वतःच्या प्रजेला परवान्यावाचून एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊ देत नाही, जेथील नागरिकास परदेशी नभोवाणी ऐकणे हा गुन्हा आहे, त्या राष्ट्राशी 'जनतेची मैत्री' म्हणजे नेमके काय? येथील जनता तेथील जनतेला भेटत नाही, पत्र लिहीत नाही, तिच्या घरी जेवत नाही. येथील पाच-पंचवीस माणसे तेथील एका खात्याला भेटतात. त्या खात्याचे कामच मुळी परदेशी मित्र तयार करण्याचे असते. तेव्हा हे मैत्रीसंघ दोन जनतांमधील पूल नव्हेत. एका दरबाराने दूरदेशी नेमलेले ते भाट होत. आपल्या पूर्वीच्या संस्थानांत भाटाला निदान वतन तरी मिळे. या नव्या भाटांना एखादी सहल, एखादे रेशमी बांधणीचे ग्रंथ-संपुट आणि एक छायाचित्र एवढ्यावर भागवावे लागते!

उत्तर कोरियाचे उदाहरण घेऊ, कारण या विद्येत त्या राज्याइतका पारंगत दुसरा कोणी नाही. किम इल-सुंग यांच्या 'जूचे' विचाराचे पहिले परदेशी अभ्यासमंडळ १९६९ साली आफ्रिकेतील माली देशात निघाले. पुढील दहा वर्षांत अशी मंडळे ठिकठिकाणी उगवली. १९७८ च्या एप्रिलमध्ये टोकिओत या विचाराची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि याच जाळ्यातील आशियाई प्रादेशिक संस्थेने आपले ठाणे मांडले ते आपल्या नव्या दिल्लीत. २००० साली एका स्पॅनिश गृहस्थाने याच कामासाठी नवी जागतिक संघटना काढली. डेन्मार्कमधील एका सामान्य माणसाने खोटा अनुयायी बनून तिच्यात सुमारे दहा वर्षे वावर केला. त्याने जे गुपचूप चित्रित केले ते २०२० साली चित्रपटरूपाने जगापुढे आले. मैत्रीच्या मेजावरून शस्त्रविक्रीच्या बोलण्यापर्यंत किती थोडे अंतर असते, ते त्यात दिसते.

पण शस्त्रांची गोष्ट सोडून द्या. बहुतेक मैत्रीसंघ इतके कर्तबगार नसतात. ते सभा घेतात, पुष्पचक्रे वाहतात, अभिनंदनाचे संदेश पाठवितात. दिल्लीसारख्या शहरात अशा सभेला चाळीस माणसे येतात आणि दुसऱ्या दिवशी येथील एकाही वर्तमानपत्रात ओळ येत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? माझे सहकारी हेच म्हणत होते की, एवढ्याशा सभेने कोणाचे काय बिघडते?

येथेच खरी ग्यानबाची मेख आहे. ती सभा दिल्लीकरांसाठी नसतेच. तिचा प्रेक्षक प्याँगयाँगमध्ये बसलेला असतो. तेथील वृत्तसंस्था दुसऱ्या दिवशी सांगते की, भारताच्या राजधानीत महान नेत्याची जयंती साजरी झाली, अमुक मान्यवर अध्यक्षस्थानी होते. ते वाचणाऱ्या शाळामास्तराला किंवा गिरणीकामगाराला ते 'मान्यवर' म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणारे, रविवारी मयूर विहारच्या बाजारात भाजी निवडणारे आपले साहेब आहेत, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्याला एवढेच कळते की, सारे जग आपल्या नेत्यापुढे नतमस्तक आहे. आपल्या मनात जी शंका येते ती आपल्या एकट्याच्याच मनात येते. दोष आपला आहे. १९७० नंतरच्या दशकात त्या सरकारने न्यूयॉर्क आणि लंडन येथील मोठ्या वर्तमानपत्रांत पानेच्या पाने पैसे देऊन विकत घेतली, त्यांवर नेत्याची स्तुती छापविली, आणि मग तीच स्तुती परदेशी वृत्तपत्रांचा अभिप्राय म्हणून आपल्या प्रजेला वाचून दाखविली. म्योह्यांग पर्वतात १९७८ साली एक भव्य प्रदर्शन उघडले. परदेशातून आलेल्या भेटींचे ते कोठार आहे. स्टालिन आणि माओ यांनी दिलेले रेल्वेचे डबे तेथे आहेत. निकाराग्वाहून आलेली, पेंढा भरून उभी केलेली, हाती तबक धरलेली मगरदेखील आहे. कोरियन शाळकरी मुलांना रांगेने नेऊन ते दाखवितात आणि सांगतात, पाहा, जग आपल्यावर किती प्रेम करते! दिल्लीतील त्या सभेचे छायाचित्र हे याच कोठारातील एक भांडे. मगरीने तबक धरले आहे, आपण अध्यक्षपद धरावयाचे, इतकाच फरक. मगरीला निदान कोणी विचारले नव्हते.

ही केवळ शब्दांची चलाखी असती तरी मी एवढा कटू झालो नसतो. परंतु या स्तुतीची किंमत माणसांनी मोजली आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशातून गेला आहे. जपानमध्ये लाखो कोरियन लोक राहत. त्यांपैकी बहुतेकांची मूळ गावे कोरियाच्या दक्षिण भागातील होती. जपानी समाजात त्यांना तुच्छ लेखीत, नोकऱ्या मिळत नसत. १९५५ साली स्थापन झालेल्या उत्तर-पक्षपाती संघटनेने त्यांना सांगावयास सुरुवात केली की, उत्तर कोरिया हा भूतलावरील स्वर्ग आहे. घर, शिक्षण, औषध, सारे फुकट. जपानी वृत्तपत्रांनी, विचारवंतांनी आणि सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी या म्हणण्याला आपली साक्ष जोडली. कोणाला त्यात समाजवाद दिसत होता, कोणाला भूतदया, तर कोणाला नको असलेली माणसे परस्पर जातील याचे समाधान. दोन्ही देशांच्या रेडक्रॉस संस्थांचा करार १३ ऑगस्ट १९५९ रोजी झाला, तो आपल्या कलकत्त्यात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निइगाता बंदरातून पहिली जहाजे निघाली. १९८४ पर्यंत सुमारे त्र्याण्णव हजार माणसे गेली. त्यांत अठराशेच्या आसपास जपानी स्त्रिया होत्या, कोरियन नवऱ्यांच्या मागे निघालेल्या. धक्क्यावर बँड वाजत होते. पलीकडे उतरताच त्यांनी पाहिले की स्वर्गातील माणसांच्या अंगावर धड कपडे नाहीत. परतीचे जहाज मात्र नव्हते. थोड्याच काळात पत्रे येऊ लागली: साबण पाठवा, कापड पाठवा, पैसे पाठवा, आणि ओळींच्या मधून समजावे असे, की तुम्ही मात्र येऊ नका. कित्येकजण जपानातून आले एवढ्याच संशयावरून छावण्यांत नाहीसे झाले. ज्या सभ्य गृहस्थांनी व्यासपीठांवरून 'स्वर्ग' या शब्दावर सही केली होती, त्यांपैकी कोणी त्या जहाजात बसला नाही. 'एका सभेने काय बिघडते?' या प्रश्नाचे उत्तर निइगाताच्या धक्क्यावर मिळते.

आपल्या इतिहासातही धडे आहेत. १९५१ च्या शरदात पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना मंडळ चीनला गेले. पंडितजी लबाड नव्हते. त्यांना कोणी विकत घेऊ शकले नसते. इंग्रजी राज्यावरील त्यांचे पुस्तक सरकारने जप्त केले होते. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात जाऊन, उस्मानाबाद-नांदेडकडील मुसलमान प्रजेवर काय ओढवले ते त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले, आणि ज्या सरकारने त्यांना पाठविले त्यालाच तो अप्रिय अहवाल सादर केला. मराठवाड्यातील वाचकांना त्याचे मोल सांगावयास नको. स्वदेशात एवढे डोळस असणारे हे पुरुषही पाहुणा म्हणून परदेशी गेल्यावर यजमानाने दाखविले त्यावर प्रसन्न झाले. भारत-चीन मैत्री संघाच्या शाखा निघाल्या, 'हिंदी-चिनी भाई-भाई'च्या घोषणांनी दिल्ली दुमदुमली. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये दुष्काळाने कोट्यवधी माणसे मेली, तेव्हा त्या भाईचाऱ्याला आपल्या भावाची हाक ऐकू आली नाही. कारण नाते मुळी भावाशी नव्हतेच, भावाच्या पहारेकऱ्याशी होते. आणि १९६२ च्या युद्धानंतर कलकत्ता-आसामकडील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना आपण राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन टाकले, तेव्हाही घोषणेतील 'भाई' त्यांच्या कामी आला नाही.

याउलट खरी मैत्री कशी असते तेही आपल्याच माणसांनी दाखविले आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांत दोन मराठी होते: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांनी अध्यक्षपद भूषविले नाही. शस्त्रक्रिया केल्या, भाषा शिकली, तेथेच संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. जखमी माणसाच्या नाडीवर बोट ठेवणारा तो मित्र, आणि छायाचित्रासाठी मान वळविणारा तो भाट. या दोघांत गोंधळ होण्याचे कारण नाही.

रवींद्रनाथांचे उदाहरण तर प्रत्येक मैत्रीसंघाच्या भिंतीवर टांगावयास हवे. १९३० साली ते रशियात गेले. तेथील शिक्षणप्रसार पाहून ते भारावले आणि तसे त्यांनी मोकळेपणाने लिहिलेही. पण निघण्यापूर्वी 'इझ्वेस्तिया' पत्राला दिलेल्या मुलाखतीत, तुम्ही मुलांच्या मनात द्वेष पेरीत आहात आणि मतभिन्नता दडपीत आहात, असे त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितले. ती मुलाखत त्या पत्राने छापली केव्हा? १९८८ साली, अठ्ठावन्न वर्षांनी! स्तुती मात्र तत्काळ वापरली गेली. त्याच सुमारास विलायतेतील सिडनी आणि बिआट्रिस वेब या विद्वान दांपत्याने सोव्हिएत राज्यावर मोठा ग्रंथ लिहिला. १९३५ च्या आवृत्तीत 'नवी संस्कृती' या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होते. युक्रेनमधील १९३२-३३ चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. पुढील आवृत्तीत बदल झाला तो एवढाच की, प्रश्नचिन्ह गळून पडले. मैत्रीसंघाचे सारे कार्य या एका दुरुस्तीत सामावलेले आहे. माणसाच्या मनातील प्रश्नचिन्ह काढून घेणे, हीच त्याची वर्गणी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, दुसऱ्या बाजूचे हात कोठे स्वच्छ आहेत? खरे आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धात उत्तर कोरियाची शहरे बाँबफेकीने जमीनदोस्त झाली, हे विसरून त्या देशाविषयी बोलणे अन्यायाचे होईल. दक्षिणेतही अनेक वर्षे लष्करशाही होती. मुंबईत १९५१ साली ज्या सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या चळवळीचा भारतात गाजावाजा झाला, तिच्या मातृसंस्थेला अमेरिकन हेरखात्याचा पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले, आणि तिच्या व्यासपीठावर प्रामाणिकपणे बसलेल्या पुष्कळांची मान खाली गेली. पण यातून निष्कर्ष काय निघतो? एका दरबाराचे भाट निघाले म्हणून आपण दुसऱ्या दरबारी नाव नोंदवावे, हा? की कोणाच्याच दरबारी उभे राहू नये, हा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहिष्काराने बंद दारे अधिकच बंद होतात. संबंध ठेवले तरच काही बदलेल, असे म्हणतात. मलाही ते मान्य आहे. म्हणूनच तर भारताने १९७३ साली उत्तर कोरियाशी राजनैतिक संबंध जोडले आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळतानाही ते तोडले नाहीत. परंतु राजदूत आणि भाट यांत फरक आहे. राजदूताला अप्रिय गोष्ट सांगण्याचा अधिकार असतो आणि ती स्वदेशी कळविण्याचे कर्तव्य असते. मैत्रीसंघाच्या अध्यक्षाला ठराव वाचण्याचा अधिकार असतो; कर्तव्य कोणतेच नसते.

कोरियाशी भारताचा व्यवहार कसा असावा याचा वस्तुपाठ आपल्या सैनिकांनी घालून दिला आहे. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न उरला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडील असे साडेबावीस हजारांच्या आसपास चिनी व कोरियन कैदी होते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले, आणि कैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेच्या सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. आपल्या जवानांना इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून नेऊन 'हिंद नगर' छावणीत उतरवावे लागले. दोन्ही बाजूंनी त्यांना शिव्या दिल्या. कैद्यांतील दांडग्या टोळ्या दुबळ्या कैद्यांना धमकावीत होत्या. त्या साऱ्या गदारोळात आपल्या लोकांचा प्रयत्न एकच होता: प्रत्येक कैद्याला एकेकटा तंबूत आणावे आणि त्याला भीतीवाचून विचारावे, बाबा, तुला स्वतःला काय हवे? तो प्रयत्न पुरा यशस्वी झाला नाही. पण प्रश्न बरोबर होता. अठ्ठ्याऐंशी कैद्यांनी उत्तरही नको, दक्षिणही नको असे सांगितले आणि ते आपल्या जवानांबरोबर १९५४ साली मद्रासला आले. थोरातांची ती मैत्री त्या माणसाशी होती. आजचा मैत्रीसंघ हा प्रश्न कधीच विचारीत नाही. विचारणार कोणाला? संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ साली नोंदविले की, उत्तर कोरियाच्या राजकीय छावण्यांत ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार माणसे आहेत. त्यांपैकी एकालाही तंबूत एकट्याने बसवून विचारण्याची परवानगी कोणत्या मित्राने आजवर मागितली?

आणि हे परक्यांचे दुःख आपल्याला कळू नये असे नाही. १९७५ ते १९७७ या एकवीस महिन्यांत आपणही थोडी चव घेतली आहे. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत शिस्त आली आहे, असे कोणी म्हटले की ज्यांची मुले, भाऊ, मित्र तुरुंगात होते त्यांना काय वाटत असेल, हे आठवून पाहा. त्या काळात, १९७५ च्या डिसेंबरात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी आजारी पडलेल्या जयप्रकाशांचे स्मरण केले आणि लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. समोर सत्तेतील माणसे बसली होती. पुढे त्यांना अटक झाली. अध्यक्षपद म्हणजे काय, हे मराठी माणसाने कऱ्हाडला पाहिले आहे. नुसते बसण्यासाठी ते पद नसते.

आता एक शब्द आपणा अधिकाऱ्यांविषयी. सेवेत असताना परदेशी पाहुणचार घेण्यासाठी परवानगी लागते. त्यासाठी कायदा आहे, आणि आचारनियमही आहेत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तो पहारा उठतो, आणि नेमक्या त्याच दिवशी कार्यवाह येतात. त्यांना आपले मत नको असते. आपल्या नावामागील 'माजी' या शब्दानंतर येणारे पद हवे असते. आपल्यालाही तो मोह का पडावा, हे मी चांगले जाणतो. तीस-पस्तीस वर्षे घंटी वाजविताच माणूस हजर होई. आता दूरध्वनी दिवसचे दिवस वाजत नाही. मुले बंगलोरला किंवा परदेशी. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातील गणेशोत्सव वर्षातून एकदाच येतो. अशा वेळी कोणी हार घेऊन दारी आला, 'आपण असलाच पाहिजेत' म्हणाला, तर मन विरघळते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु तो हार ज्या बागेतल्या फुलांचा आहे तिच्या कुंपणावर काटेरी तार आहे, एवढे ध्यानात असावे. ते पद आपण राज्यघटनेच्या शपथेवर मिळविले. मतस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य, निवडणूक यांची ग्वाही देणाऱ्या राज्याचे ते पद, यांपैकी एकही न देणाऱ्या राज्याच्या शोभेसाठी उसने देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मैत्री करावयाची असेल तर मार्ग पुष्कळ आहेत. कोरियन भाषा शिकावी. दिल्लीत ती शिकविणारे विभाग आहेत. त्या देशातून जिवावर उदार होऊन निसटलेल्यांनी लिहिलेली पुस्तके वाचावीत आणि एखादे मराठीत आणावे. मैत्रीसंघाच्या सभेला जावयाचेच असेल तर खुशाल जावे. पण व्यासपीठावर नव्हे, श्रोत्यांत बसावे, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून एकच विचारावे: तेथील एखादा शिक्षक, आपल्या मर्जीने, पहारेकऱ्यावाचून, आमच्या घरी आठ दिवस राहावयास येऊ शकेल काय? उत्तर 'हो' असेल तर मी स्वतः त्या संघाचा आजीव सभासद होईन आणि अध्यक्षस्थानीही बसेन.

माझे सहकारी अजून रागावलेले आहेत. त्या सभेला अध्यक्ष मिळाला. असे अध्यक्ष दिल्लीत दुर्मीळ नाहीत. चहा झाला, छायाचित्र निघाले. ते आता त्या दूरच्या शहरात कोणत्या भिंतीवर आहे, आणि त्याकडे बोट दाखवून कोणत्या शाळकरी पोराला काय सांगितले जात आहे, याचा विचार मला अधूनमधून बेचैन करतो. त्या पोराला मी ओळखत नाही. पण त्याची शंका खरी आहे, आणि ती मारण्यासाठी माझा चेहरा वापरला गेलेला नाही, एवढे समाधान मला पुरेसे आहे.